लागरचे किण्वन आणि तळघरातला फ्रीज : तापमानाच्या प्रकल्प नोंदी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

या प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. म्युनिकमधल्या भाड्याच्या घराच्या तळघरात, एका जुन्या घरगुती फ्रीजच्या आधाराने २० लिटर हेलेस (थंडीत आंबवून मुरवलेली फिकट लागर बिअर) बनवायची आणि यीस्ट टाकल्यापासून केग, म्हणजे बिअर साठवायचे स्टीलचे बंद पिंप, थंड होईपर्यंत बिअरचे तापमान आपण आखलेल्या रेषेवर ठेवायचे. जर्मनीत घरगुती वापरासाठी बिअर बनवताना सीमाशुल्क कार्यालयाला आधी कळवावे लागते. २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत कर लागत नाही, मात्र ही बिअर विकता येत नाही. हे कळवण्याचे काम मागेच उरकले आहे.

फ्रीज निवडताना दोन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे त्यात वेगळा फ्रीझर कप्पा नाही, त्यामुळे फळ्या काढल्यावर ३० लिटरचे किण्वनपात्र उभे राहते. दुसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. फ्रीजच्या आतल्या पट्टीवर हवामान वर्ग छापलेला असतो, आणि ‘एन’ वर्गाचा फ्रीज १६ ते ३२ अंश सेल्सिअसच्या खोलीसाठी, तर ‘एसएन’ वर्गाचा १० ते ३२ अंशांच्या खोलीसाठी बनवलेला असतो. आमचे तळघर सध्या १२ अंशांवर आहे, म्हणून ‘एसएन’ वर्गाचाच शोधून आणला.

सेन्सर वाचून यंत्रे चालू-बंद करणाऱ्या तापमान-कंट्रोलरला दोन सॉकेट आहेत. थंडाव्याच्या सॉकेटमध्ये फ्रीज आणि उबेच्या सॉकेटमध्ये ३० वॅटचा तापपट्टा लावला आहे. फ्रीजचे स्वतःचे बटण सर्वांत थंड बाजूला फिरवून ठेवले आहे, जेणेकरून चालू-बंद करण्याचा अधिकार केवळ कंट्रोलरकडे राहील. कंप्रेसर बंद झाल्यावर पुन्हा चालू होण्याआधी ५ मिनिटांचा विलंब ठेवला आहे, कारण शीतकाच्या दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यापूर्वी मोटर सुरू झाली तर तिच्यावर विनाकारण ताण येतो. सेन्सर तिन्ही एकदम बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासले. त्यांतला एक शून्याऐवजी ०.६ दाखवत होता, ती वजावट कंट्रोलरमध्ये भरली.

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचे माल्टचे गोड पाणी, बनवण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी घेतली. प्रश्न एकच होता : सेन्सर कुठे लावायचा? हवेत टांगायचा, पात्राच्या भिंतीला बाहेरून चिकटवायचा, की झाकणातून उतरणाऱ्या स्टीलच्या नळीत, म्हणजे थर्मोवेलमध्ये, द्रवाच्या मध्यभागी सोडायचा? तीन सेन्सर तिन्ही जागी लावले आणि कंट्रोलरचा ताबा आळीपाळीने एकेकाकडे दिला.

नुसत्या पाण्यावर अशी चाचणी घेतली तर हवेतला सेन्सर उत्तम वाटतो, कारण पाणी स्वतः उष्णता निर्माण करत नाही आणि रात्रभरात ते मुकाट्याने हवेच्या सरासरी तापमानाला येऊन थांबते. यीस्ट असे करत नाही. म्हणून लहान मत्स्यालयासाठी मिळणारा ५ वॅटचा हीटर पात्रात सोडला आणि तो अखंड चालू ठेवला. आता चित्र बदलले. हवेतल्या सेन्सरवर १० अंश लावलेले असताना पाणी १२.४ अंशांवर जाऊन स्थिरावले. कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र १० हाच आकडा शांतपणे दिसत होता. शिवाय कंप्रेसर वारंवार चालू-बंद होत राहिला, कारण हवा पटकन तापते आणि पटकन निवते.

थर्मोवेलचा दोष उलट्या बाजूचा आहे. मध्यभागातले पाणी १० अंशांवर येईपर्यंत कंप्रेसर न थांबता चालतो. तोवर फ्रीजमधली हवा २ अंशांपर्यंत आणि मागची पत्र्याची भिंत त्याहूनही खाली गेलेली असते, त्यामुळे कंप्रेसर बंद झाल्यावरही पाणी निवतच राहते. चाचणीत ते ९.३ पर्यंत उतरले, लगेच तापपट्टा सुरू झाला आणि थोड्या वेळाने पुन्हा फ्रीज. दोन यंत्रे एकमेकांशी झगडत राहतात आणि वीजबिल मात्र दोघांचेही येते.

भिंतीवरचा सेन्सर द्रवाच्या पातळीच्या मध्यावर चिकटवून त्यावर २ सेंटिमीटर जाडीचा फोम पट्टीने घट्ट बांधला. फोममुळे सेन्सर हवेपासून तुटतो आणि पात्राच्या भिंतीमार्गे द्रवाचे तापमान वाचतो. मध्यभागातल्या सेन्सरशी त्याचा फरक ०.३ अंशांच्या आत राहिला आणि वरखाली होण्याचे प्रमाणही सर्वांत कमी होते. ताबा याच सेन्सरकडे राहील, तर थर्मोवेलमधला केवळ वाचनासाठी असेल. थंडाव्याचा फरक ०.५ अंश आणि उबेचा १ अंश ठेवला आहे, म्हणजे दोघांमध्ये कोणीच काम करत नाही असा मोकळा पट्टा उरतो. तापपट्टा पात्राच्या तळाजवळ आहे आणि सेन्सर त्याच्या बराच वर. ते शेजारी आले तर सेन्सर बिअरऐवजी पट्ट्याचेच तापमान सांगू लागतो.

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

आज वर्ट शिजवला. ४ किलो पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेले बार्ली), २०० ग्रॅम हलके कॅरॅमल माल्ट आणि हालरटाउअर मिटेलफ्रू जातीचे हॉप्स वापरले. माल्ट ६४ आणि ७२ अंशांवर थांबे देऊन भिजवले. येथील नळाचे पाणी कठीण असल्यामुळे त्यात निम्मे क्षारमुक्त पाणी मिसळले. शेवटी २० लिटर वर्ट हाती आला आणि त्याची घनता १२.१ अंश प्लेटो भरली, म्हणजे १०० ग्रॅम वर्टमध्ये सुमारे १२ ग्रॅम विरघळलेला अर्क, मुख्यतः साखर. पाककृतीचा विषय इथेच संपवतो.

नळाचे थंड पाणी तांब्याच्या वेटोळ्यातून फिरवून वर्ट १६ अंशांपर्यंत उतरला. त्याखाली तो या मार्गाने लवकर जात नाही, म्हणून पात्र बंद करून फ्रीजमध्ये ठेवले आणि रात्रभर १० अंशांवर लावले. यीस्ट उद्या सकाळी टाकायचे आहे. अनेक जण १८-२० अंशांवर यीस्ट टाकतात आणि बुडबुडे दिसू लागल्यावर थंड करायला घेतात, कारण त्याने सुरुवात लवकर होते. मला हा मार्ग मान्य नाही. यीस्टची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांतच होते, उच्च अल्कोहोल, फळांसारखा वास देणारे एस्टर आणि लोण्याचा वास देणाऱ्या डायअॅसिटिलचे पूर्वद्रव्य यांचा मोठा भाग याच काळात तयार होतो, आणि हे सगळे उबेत वाढते. तापमानाची काळजी ज्या दिवसांत सर्वाधिक घ्यायला हवी, नेमके तेच दिवस या पद्धतीत सैल सोडले जातात. शिवाय वाढ जोमात असताना २० अंशांवरून १० वर आणणे म्हणजे कामाला लागलेल्या यीस्टला झोपवणे होय. वर्ट रात्रभर बिनयीस्टचा ठेवण्यात संसर्गाची जोखीम आहे हे खरे, पण पात्र नीट निर्जंतुक केलेले आणि झाकण घट्ट असेल तर एका रात्रीपुरती ती पत्करण्याजोगी आहे.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सकाळी मध्यभागात १०.१ अंश. डब्ल्यू-३४/७० जातीच्या कोरड्या यीस्टची ११.५ ग्रॅमची तीन पाकिटे वरून भुरभुरली. १२ अंशांखाली यीस्ट टाकायचे असेल तर मात्रा वाढवा असे उत्पादक सांगतो, आणि ते योग्यच आहे. थंडीत प्रत्येक पेशी सावकाश काम करते, तेव्हा पेशीच जास्त हव्यात. ही जात मूळची वाइनश्टेफानची, म्हणजे इथून तासाभरावर असलेल्या फ्रायझिंगची.

लागरचे यीस्ट थंडीत काम करते याचे कारण त्याच्या कुळात आहे. सॅकरोमायसिस पास्टोरियानस ही संकरित जात असून तिचे एक पालक नेहमीचे, उबेत आंबणाऱ्या एल बिअरचे आणि पावाचे यीस्ट आहे, तर दुसरे थंडी सोसणारे युबायानस. हे दुसरे २०११ मध्ये पातागोनियातल्या दक्षिणी बीच वृक्षांवर सापडल्याचे जाहीर झाले. बव्हेरियात मात्र हे कुळ कळण्याच्या कितीतरी आधी राजाज्ञेनेच काम भागवले होते : १५५३ च्या नियमानुसार बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवायची. उन्हाळ्यात बिघडणाऱ्या बिअरवर काढलेला तो उपाय थंडीत टिकणाऱ्या यीस्टच्या पथ्यावर पडला. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांचे शीतयंत्र म्युनिकच्याच श्पाटेन ब्रुअरीत आले आणि ऋतूचे बंधन सुटले. तळघरातला हा फ्रीज त्याच यंत्राचा वंशज आहे.

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

काहीच हालचाल नाही. तापमान १०.०. थंड सुरुवातीत हे अपेक्षित आहे, म्हणून कंट्रोलरला हात लावलेला नाही.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

संध्याकाळी पृष्ठभागावर पांढऱ्या फेसाचा पातळ थर आला आणि झाकण किंचित उघडताच गंधकाचा वास जाणवला. लागर यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडते. त्याचा मोठा भाग वायूबरोबर निघून जातो आणि उरलेला पुढे थंडीत मुरताना ओसरतो.

१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

घनता ८.५ अंश प्लेटो. किण्वन भरात आहे. फेसाचा थर चार बोटे चढला असून कडेला हॉप्सच्या रेझिनचे तपकिरी डाग दिसतात. फ्रीजमधल्या हवेची सरासरी ८.७, भिंतीवर १०.० आणि मध्यभागात १०.२ अंश असे वाचन मिळाले. म्हणजे बिअर हवेपेक्षा साधारण दीड अंशाने गरम आहे. हवेतल्या सेन्सरवर विसंबलो असतो तर आज प्रत्यक्षात साडेअकरा अंशांवर किण्वन चालले असते.

हा फरक मत्स्यालयाच्या हीटरने दाखवलेल्या फरकापेक्षा कमी का, याचा हिशेब मांडून पाहिला. एक किलो अर्क आंबला की सुमारे ५८७ किलोज्यूल उष्णता निघते. १२.१ वरून अपेक्षित २.२ पर्यंत उतरताना या पात्रात जवळपास १.७ किलो अर्क खरोखर आंबणार आहे, म्हणजे एकूण हजाराच्या थोडे खाली किलोज्यूल. २० लिटर बिअर एका अंशाने तापवायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात. पात्र पूर्णपणे उष्णतारोधक असते तर बिअर स्वतःच्याच उष्णतेने जवळजवळ १२ अंशांनी चढली असती, १० ची २२ झाली असती. पण ही उष्णता एकदम निघत नाही. १० अंशांवर ती आठ-दहा दिवसांत विखुरते. त्यामुळे सरासरी दीड वॅटच्या आसपास आणि भरात असताना अडीच-तीन वॅट एवढाच तिचा वेग राहतो. एल बिअर २० अंशांवर दोन-तीन दिवसांत हीच उष्णता ओकते, म्हणून तिथे फरक बराच मोठा दिसतो.

यातून एक गोष्ट ठसठशीत दिसते. तापमान चढले की किण्वनाचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता अधिक वेगाने निघते आणि तापमान आणखी चढते. हे चक्र सुरुवातीला मोडणे सोपे असते. तीन-चार अंश चढल्यावर घरगुती फ्रीज त्याला सहज आवरू शकत नाही, कारण त्याला थंड हवेच्या मंद प्रवाहातूनच काम करायचे असते आणि मध्ये प्लॅस्टिकची भिंत असते. लागरसाठी थंड सुरुवात एवढ्यासाठीही हवी.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

घनता ६.२. आज थंडावा बंद करण्याचा निर्णय घेतला.

डायअॅसिटिलचा थांबा, म्हणजे यीस्टने लोण्याचा वास काढून टाकावा म्हणून बिअर काही दिवस उबेत ठेवणे, कधी सुरू करायचा, याबाबत सर्वत्र सांगितले जाते की घनता अंतिम आकड्याच्या जवळ आली असताना तापमान १६-१८ अंशांवर न्यावे. नियम चुकीचा नाही, पण तो मोठ्या टाकीवाल्यांना अधिक सोयीचा आहे. वरचाच हिशेब पुढे नेला तर दिसते की घनता ६.२ असताना बिअरमध्ये सुमारे ४०० किलोज्यूल शिल्लक आहेत, म्हणजे पावणेपाच अंश चढण्याइतके. घनता ४.६ होईपर्यंत थांबलो तर जेमतेम ३ अंशांपुरती उष्णता उरते, आणि त्यातलीही काही १२ अंशांचे तळघर खाऊन टाकते. त्या वेळी पट्ट्यानेच तापवावे लागेल, तेही यीस्ट खाली बसू लागलेले असताना. त्यापेक्षा यीस्टमध्ये धमक आहे तोवरच त्याला स्वतः चढू देणे शहाणपणाचे. यीस्टची वाढ केव्हाच संपली आहे, त्यामुळे या टप्प्यावर चढलेल्या तापमानाने नवे एस्टर फारसे तयार होत नाहीत.

कंट्रोलरवर १६ अंश लावले, पण तापपट्ट्याचा प्लग काढून ठेवला. दोन दिवस यीस्टलाच काम करू द्यायचे आहे.

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

१३.६ अंश, घनता ४.१. चढ संथ आणि सरळ आहे. रात्री पट्ट्याचा प्लग परत लावला.

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार

१६.० अंश. घनता २.९. फेस पूर्ण बसला.

२४ फेब्रुवारी २०२५, सोमवार

घनता २.२, आणि शनिवारीही जवळजवळ एवढीच होती. किण्वन संपले, पण बिअर तयार झाली असे यावरून म्हणता येत नाही. यीस्ट पेशींमधून अल्फा-अॅसिटोलॅक्टेट नावाचे द्रव्य बाहेर झिरपते. ते बिअरमध्ये आपोआप, पण अगदी सावकाश, डायअॅसिटिलमध्ये बदलते आणि मग यीस्ट ते डायअॅसिटिल पुन्हा आत घेऊन त्याचे जवळपास बेचव द्रव्य करते. संथ टप्पा पहिला आहे आणि त्याला ऊब लागते. घाई करून आत्ता थंड केले तर पूर्वद्रव्य तसेच राहील, यीस्ट खाली बसेल आणि काही आठवड्यांनी पेल्यात लोण्याचा वास येईल. वास ओळखायला आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही, कारण विरजलेल्या सायीच्या ताज्या लोण्याला जो वास असतो त्यातला मोठा वाटा याच संयुगाचा आहे. लोण्यात तो हवाहवासा वाटतो. हेलेसमध्ये तो लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असला तरी जाणवू लागतो.

चाचणी सोपी आहे. काचेच्या दोन बरण्यांत थोडी थोडी बिअर घेतली. एक झाकण लावून ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, दुसरी ओट्यावरच राहू दिली. मग पहिली थंड पाण्यात धरून दोन्ही एकाच तापमानाला आणल्या. उष्णतेने पूर्वद्रव्याचे डायअॅसिटिल झटकन होते, म्हणून पहिली बरणी काही आठवड्यांनंतरची बिअर आजच दाखवते. न तापवलेल्या बरणीत धान्याचा आणि किंचित गंधकाचा वास होता. तापवलेल्या बरणीचे झाकण काढताच, अगदी पहिल्या श्वासात, लोणी आणि पॉपकॉर्नची छटा आली आणि दुसऱ्या श्वासाला नाक तिला सरावले. म्हणून वास घेताना मध्ये थांबून मोकळी हवा घ्यावी. निष्कर्ष : १६ अंश कायम.

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

तीच चाचणी पुन्हा घेतली. दोन्ही बरण्यांत फरक नाही. नाकाला पूर्वग्रह नको म्हणून पत्नीला बरण्या न सांगता हुंगायला दिल्या. तिनेही दोन्ही सारख्याच ठरवल्या, आणि हा वास घेण्याचा कार्यक्रम आणखी किती दिवस चालणार आहे हेही विचारले.

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

बिअर १९ लिटरच्या केगमध्ये हलवली. साडेअठरा लिटर भरली. केग आधी कार्बन डायऑक्साइडने भरून घेतला होता.

किण्वनपात्रातच थंड करण्याचा मोह टाळण्याचे कारण हवा आहे. पात्र १६ वरून २ अंशांवर आणले तर वरच्या मोकळ्या जागेतला वायू आकुंचन पावून अर्धा लिटरभर हवा आत ओढली जाईल, हे बहुतेकांना ठाऊक असते. खरा खेच त्याहून मोठा आहे. थंड बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. साध्या वातावरणीय दाबाला १६ अंशांवर लिटरमागे सुमारे १.९ ग्रॅम, तर २ अंशांवर ३.१ ग्रॅम. २० लिटरला हा फरक २४ ग्रॅमचा, म्हणजे वायूच्या मापात १२ लिटरचा होतो. मुरण्याच्या आठवड्यांत बिअर वरचा वायू हळूहळू पीत जाते आणि तेवढी बाहेरची हवा आत येते. बंद केगमध्ये ही चिंता राहत नाही. सिलिंडरवरून ०.६५ बार दाब लावून ठेवला आहे, त्यामुळे २ अंशांवर लिटरमागे ५ ग्रॅमच्या आसपास वायू मुरताना आपोआप भरेल.

सेन्सर केगच्या स्टीलवर, पूर्वीसारखाच फोमखाली. रोज २ अंश याप्रमाणे उतरवायचे आहे. यीस्टला एकदम गारठवले की पेशींमधले पदार्थ बाहेर पडतात आणि फेस टिकण्यावर परिणाम होतो असे सांगितले जाते. केगमध्ये आता यीस्ट थोडेच आहे, तेव्हा हा मुद्दा इथे कितपत लागू पडतो याविषयी मी साशंक आहे. पण संथ उतारासाठी काही खर्चही नाही.

७ मार्च २०२५, शुक्रवार

२.० अंश. केग फ्रीजच्या मागच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवला आहे, कारण त्या पत्र्यावर बर्फ धरतो. या ताकदीची बिअर उणे २ अंशांच्या खाली गेल्याशिवाय गोठत नाही, तरी स्टीलचा केग थेट बर्फाला टेकवून ठेवण्यात अर्थ नाही.

२२ मार्च २०२५, शनिवार

अर्धा पेला काढला. गंधक जवळजवळ गेला आहे, तळाशी असलेले यीस्ट पहिल्या घोटातच निघून गेले आणि पुढची बिअर नितळ आहे, तरी झगझगीत नाही. चवीत एक कच्ची, पिठूळ कड उरली आहे. ती मुरल्याने जाते.

५ एप्रिल २०२५, शनिवार

बिअर आरपार स्वच्छ झाली आहे. माल्टचा गोडवा, मागे हॉप्सचा हलका गवताळ वास, फळांचा वास अजिबात नाही. तापवलेल्या बरणीची चाचणी शेवटची एकदा घेतली. लोण्याचा मागमूस नाही.

तळघर आता १४ अंशांवर आले आहे आणि जूनपर्यंत १८ होईल. या यीस्टच्या बाबतीत उत्पादकच १८ अंशांपर्यंतचा पल्ला सांगतो, आणि त्या तापमानालाही लागर स्वच्छ होते असे अनुभवी लोक म्हणतात. ते तपासण्यासाठी पुढच्या खेपेला एकच वर्ट दोन पात्रांत वाटायचा आहे. एक फ्रीजमध्ये आजच्याच रेषेवर आणि दुसरे तळघरात १८ अंशांवर ठेवायचे. दुसऱ्याच्या भिंतीवरही फोमखाली सेन्सर हवाच, नाहीतर खोलीचे १८ आणि बिअरचे २० अशी गल्लत होईल. चव घेताना तीन पेल्यांत दोन सारख्या आणि एक वेगळी बिअर ओतायची, आणि वेगळा पेला ओळखता आला तरच फरक आहे असे मानायचे.

दुसरे पात्र आले आहे. झाकणाला थर्मोवेलसाठी छिद्र पाडायचे काम बाकी आहे.